भिंतीतला नांदरूक

जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामं घेणाऱ्या माणसाला मे महिन्यात एक फोन हमखास येतो. "भिंतीत झाड आलंय, पावसाच्या आत काढून टाका." मी हीच कामं करतो. वॉटरप्रूफिंग, गिलावा, सज्जे, गच्चीचा कोबा, गळके डाऊनटेक पाइप. आणि पुण्यात भिंतीतलं झाड म्हणजे पिंपळ, वड, उंबर नाहीतर वडाच्याच कुळातला, लहान पानांचा नांदरूक.

"काढून टाका" याचा आमच्या धंद्यातला अर्थ ठरलेला आहे. कोयत्याने वरचा भाग छाटायचा, बुंध्याला ड्रिलने भोकं पाडायची, त्यात ॲसिड ओतायचं आणि वरून सिमेंट थापून मोकळं व्हायचं. कुणी ॲसिडऐवजी हिंग भरतं. पुढच्या पावसाळ्यात त्याच सिमेंटच्या कडेने कोंब वर येतात आणि पुन्हा फोन येतो. ॲसिडने भिंतीची वाट लागते ती वेगळीच. चुन्यातलं बांधकाम असेल तर चुना विरघळतो, आरसीसी असेल तर आतली सळई गंजते. झाड मेलंच, तर मूळ आत कुजून पोकळी राहते आणि तिथून पाणी मुरत राहतं. झाड मुळासकट निघालं पाहिजे, हे मी गिऱ्हाइकाला दुरुस्तीवाला म्हणून सांगतो. बोन्साय करणारा म्हणून मला ते जिवंतही हवं असतं.

माझ्या गच्चीवरची बहुतेक झाडं अशा फोनांमधूनच आलेली आहेत. रोपवाटिकेतून विकत आणलेली अगदी थोडी. बोन्साय करणारी नवी मंडळी मला विचारतात, की जंगली झाड कुठून आणायचं, सह्याद्रीत कुठे जायचं. माझं म्हणणं सरळ आहे. सह्याद्रीत जरूर जा, पण कुदळ घरी ठेवून जा. आपल्याला हवं असलेलं जंगली झाड पेठेतल्या भिंतीत आहे.

आधी जंगली झाडाचा एवढा सोस कशासाठी, ते सांगतो. बी पेरून किंवा छाटकलम लावून कुंडीत वाढवलेल्या झाडाचं खोड जाड व्हायला फार काळ लागतो, कारण कुंडीत मुळांना पसरायला जागाच नसते. बुंध्याशी रुंद आणि वर जाताना निमुळतं होत गेलेलं खोड, त्यावरचे जुने व्रण, वाऱ्याने दिलेलं वळण, जमिनीला धरून बसलेली मुळं, हे सगळं माणसाच्या हातून घडवायचं तर अर्धं आयुष्य जातं. डोंगरातल्या झाडावर बर्फाने, वाऱ्याने, चरणाऱ्या जनावरांनी ते काम आधीच केलेलं असतं. जपानमध्ये अशा झाडाला यामादोरी म्हणतात आणि बोन्सायमध्ये त्याला वरचा मान आहे. शिकोकू बेटावरचा इशिझुची डोंगर, नीगाता भागातले इतोइगावाचे कडे, अशा ठिकाणांहून शिंपाकू जातीचे जुनिपर (सुरूसारखी सूचिपर्णी झाडं) काढायला माणसं दोराला लटकून उतरायची. काहींचे त्यात जीव गेले. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत या झाडांमागे माणसं इतकी लागली, की कडे उघडे पडले. आज जपानमध्ये मिळणारे बहुतेक शिंपाकू छाटकलमांपासून वाढवलेले असतात.

हे वाचून आपल्याकडचा माणूस सिंहगडाच्या कड्यावरची करवंदीची जाळी बघतो आणि त्याचे हात शिवशिवायला लागतात. मला ते समजतं. महाबळेश्वरच्या वाटेवर, पठारांच्या कडेला अंजनीची अशी झाडं मी पाहिली आहेत, की कुठल्याही प्रदर्शनात पहिलं बक्षीस घेतील. पश्चिमेच्या वाऱ्याने सगळ्या फांद्या एका अंगाला, खोड जांभ्याच्या भेगेत रुतलेलं. पण ती जागा राखीव वनाची असेल, तर भारतीय वन अधिनियम, १९२७ प्रमाणे तिथून झाड उपटणं गुन्हा आहे. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील क्षेत्र आहे. कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटाच्या इतर स्थळांबरोबर जागतिक वारशात गेलं. कायदा क्षणभर बाजूला ठेवला, तरी झाडाकडे बघून सुद्धा हात मागे घ्यावा लागतो. भेगेतल्या अंजनीची बारीक, अन्न शोषणारी मुळं खोडापाशी नसतातच. ती भेगेभेगेतून लांबवर गेलेली असतात. तुमच्या हाती येतं ते खोड आणि तुटलेल्या मुळाचा सोटा. तो पुण्याच्या एप्रिलमध्ये आणून ठेवला की काय होणार, हे सांगायला नको. आणि तिकडे कड्यावर त्या झाडाने धरून ठेवलेली मूठभर माती पहिल्याच पावसात वाहून जाते.

म्हणून डोंगरात मी वही आणि पेन्सिल घेऊन जातो. फांदी खोडातून कुठल्या कोनात निघते, वाऱ्याच्या बाजूला किती रिकामं असतं, मेलेली फांदी कुठे आहे, हे काढून आणतो. मोबाइलवर फोटो निघतो, पण रेघ ओढताना जे दिसतं ते फोटोत दिसत नाही.

आता भिंतीकडे येतो. वड-पिंपळाच्या कुळातली फळं तांबट, बुलबुल, साळुंकी, कोकीळ खातात, रात्री वटवाघळं खातात. बी मोहरीहूनही बारीक. ते पोटातून धडपणी बाहेर पडतं आणि विष्ठेबरोबर सज्ज्यावर, पन्हळीच्या कडेला, विटांच्या सांध्यात पडतं. पडतं सगळीकडेच, रुजतं मात्र जिथे ओल टिकते तिथे. आमच्या धंद्यात हे फार उपयोगाचं आहे. भिंतीत झाड दिसलं, की गळतीचा उगम त्याच्या आसपासच शोधायचा.

रुजल्यावर त्याच्या वाट्याला माती जवळजवळ येत नाही. उन्हाळ्यात भिंत तापते आणि पावसाळ्यात ती ओलीचिंब होते. दर वर्षी-दोन वर्षांनी कुणीतरी शिडी लावून कोयता मारतं. झाड पुन्हा फुटतं, पुन्हा छाटलं जातं. प्रत्येक छाटणीनंतर वरचा शेंडा जातो, खालचा बुंधा राहतो आणि त्यातून बारीक नवी फांदी वर जाते. जाड बुंधा, त्यावर बारीक फांदी, तिच्यावर आणखी बारीक. बोन्सायच्या वर्गात शिकवतात ते नेमकं हेच, आणि भिंतीवर ते कुणीही न शिकवता झालेलं असतं.

कसबा पेठेतल्या एका वाड्याच्या मागच्या भिंतीतून काढलेल्या नांदरकाबद्दल जरा सविस्तर लिहितो. वाडा पुनर्विकासाला निघाला होता. पाडायच्या आधी शेजारच्या इमारतीला धक्का लागू नये म्हणून सामाईक भिंतीला आधार द्यायचं काम माझ्याकडे आलं. भिंत खाली काळ्या दगडाच्या जोत्याची, वर जुन्या पातळ विटांची, सगळं बांधकाम चुन्यातलं. पहिल्या मजल्याच्या उंचीवर पन्हळीला लागून एक नांदरूक आणि त्याच्या खाली हातभर अंतरावर मनगटाएवढा पिंपळ.

परवानगीचं आधी सांगतो. शहरातल्या झाडांसाठी १९७५ चा महाराष्ट्राचा झाडांचं संरक्षण आणि जतन करण्याचा कायदा आहे आणि महापालिकेचं वृक्ष प्राधिकरण आहे. तिथे विचारून, मालकाचं लेखी पत्र हातात घेऊनच मी छिन्नीला हात लावतो. पडणाऱ्या भिंतीतलं झाड असलं तरीही.

परांची बांधून झाली आणि वाड्यातल्या आजी खाली अंगणात येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "नांदरकाचं काय ते तू बघ. पण पिंपळाला हात लावायच्या आधी त्याला विचार. मुंजा असतो त्यात." आमच्या मिस्त्रीने ते ऐकलं आणि परांचीवरून खाली उतरून चपला काढून बाजूला उभा राहिला. म्हणाला, "साहेब, आजींचं होऊ द्या आधी." आजींनी द्रोणात दहीभात आणला, हळदकुंकू आणलं, उदबत्ती लावली. भिंतीपाशी द्रोण ठेवून म्हणाल्या, "मुंजोबा, घर पडतंय आमचं. आता तुम्हीही चला." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हा कुंडीत कोंडायचा नाही हं." मी त्यांना शब्द दिला. त्यांच्या नातवाने पुढे तो पिंपळ भोरजवळच्या त्यांच्या जमिनीत, विहिरीपासून लांब, बांधाच्या टोकाला लावला. तिथे तो छान वर गेला आहे.

पिंपळ मी एरवीही कुंडीत घेत नाही. त्याचं पान बोन्सायच्या मापात आणणं अवघड, दोन पानांमधलं अंतर लांब, आणि मोठा काप दिला तर जखम भरून येण्याऐवजी आत कूज उतरते. अनेकांनी सुंदर पिंपळ केले आहेत, मी पाहिले आहेत. माझं मत मात्र असं, की पिंपळ जमिनीतच शोभतो. उंबराचंही थोड्याफार फरकाने तेच. शिवाय औदुंबर दत्ताचा, त्यामुळे तो भिंतीतून काढायला घरातली माणसं सहसा तयार नसतात, आणि मी आग्रह करत नाही. वड चांगला, पण त्याला मोठं माप लागतं. नांदरूक या सगळ्यांत उजवा. पान मुळातच लहान, जाडसर, चकचकीत. छाटलं की मागून भरपूर फुटतं. खोडावरची साल राखाडी, गुळगुळीत, आणि दमट हवेत बारीक पारंब्या सुटतात.

चुन्यातल्या भिंतीतून झाड काढणं हे सिमेंटच्या भिंतीपेक्षा कितीतरी सोपं. जुना चुना दगडी चाकाच्या घाणीत मळलेला, त्यात वाळू, विटांची सुरखी, कुठे गूळ आणि हिरड्याचं पाणी घातलेलं. तो टणक असतो, पण छिन्नीच्या टोकाने सांधा खरवडला की भुगा होऊन निघतो आणि वीट अख्खी सुटते. सिमेंटमध्ये वीट फुटते, आणि विटेबरोबर मूळही तुटतं. आम्ही ब्रेकर लावला नाही, कारण त्याच्या हादऱ्याने बारीक मुळं आतल्या आत तुटतात. झाड आधी सुतळी आणि पट्ट्यांनी परांचीला बांधून घेतलं. मग वरच्या थरापासून एकेक वीट काढत खाली आलो.

आत जे दिसलं ते बघायला मी मिस्त्रीला सुद्धा थांबवलं. विटांच्या दोन थरांमधला सांधा बोटभर जाडीचा. नांदरकाचं मुख्य मूळ त्या सांध्यात शिरून थापलेल्या भाकरीसारखं चपटं झालं होतं, रुंदीला तळहाताएवढं आणि जाडीला नेमकं सांध्याएवढं. जिथे सांधा संपून वीट लागली तिथे ते काटकोनात वळलं होतं, विटेच्या कडेने खाली उतरून पुढच्या सांध्यात पुन्हा पसरलं होतं. मुळाच्या अंगावर विटेच्या पृष्ठभागाचे खड्डे जसेच्या तसे उमटले होते. पन्हळीच्या बाजूला, जिथे पाणी झिरपत होतं तिथे, तंतुमुळांचा दाट गुंता होता, त्यात चुन्याची पांढरी कणी अडकलेली. आणि मधोमध एक पातळ वीट मुळांनी चारी बाजूंनी आवळून धरली होती. ती सोडवायची तर मुळं कापावी लागली असती. मी झाड त्या विटेसकटच खाली घेतलं.

काढायला योग्य वेळ मेचा शेवट ते जुलैची सुरुवात. हवेत दमटपणा येतो, रात्रीही उबदार असतात, आणि वड-नांदरकाच्या कुळाला मुळं फुटायला हेच हवं असतं. हिवाळ्यात काढलेलं झाड नुसतं बसून राहतं. काढल्यावर सगळी पानं कातरली, फांद्या आखूड केल्या. कापातून पांढरा चीक येतो, तो पाण्याने धुऊन टाकायचा आणि थांबेपर्यंत झाड सावलीत ठेवायचं. तुटलेल्या मुळांची टोकं धारदार पात्याने पुन्हा नीट कापायची. फाटलेल्या टोकाला कूज लागते, स्वच्छ कापातून नवी मुळं येतात. मग ओल्या गोणपाटात गुंडाळून टेम्पोने घरी.

पहिलं वर्ष मी झाड भाजीच्या प्लास्टिक क्रेटमध्ये लावतो, आतून हिरवी शेडनेट घालून. चारी बाजूंनी हवा लागते, पाणी तुंबत नाही. माती म्हणावी असं त्यात फार काही नसतं. चाळलेला मुरूम आणि विटांचा चुरा, दाणा साधारण ३ ते ६ मिलीमीटरचा, आणि थोडं पालापाचोळ्याचं कुजलेलं खत. बारीक धूळ चाळून फेकून द्यायची, कारण तीच तळाशी बसून चिखल करते. काळी माती अजिबात नको. आपली काळी माती शेतात सोन्याची, पण कुंडीत ती पाणी धरून बसते आणि वाळली की भेगाळते, भेगाळताना तंतुमुळं तोडते. जपानी पुस्तकात लिहिलेली आकादामा माती मागवणारे लोक आहेत. मुरूम आपल्या पायाखाली आहे आणि तो उत्तम काम देतो.

झाड क्रेटला सुतळीने घट्ट बांधायचं. बुंधा वाऱ्याने जरा जरी हलला, तरी नुकतं फुटलेलं केसासारखं मूळ तुटतं. सगळ्यांत महत्त्वाचं हे, आणि नेमकं हेच लोक करत नाहीत. दुसरं म्हणजे धीर. वरून पातळ प्लास्टिकची पिशवी घातली की दोन-तीन आठवड्यांत कोंब दिसतात, पानं येतात, आणि माणसाला वाटतं की झाडाने जीव धरला. ती पानं बहुतेक वेळा खोडात साठलेल्या अन्नावर आलेली असतात. खाली मुळाचा पत्ता नसतो. खरी परीक्षा ऑक्टोबरच्या उन्हात होते. त्या उन्हात पानं मान टाकत नसतील आणि दुसऱ्यांदा नवी पालवी येत असेल, तर खाली मुळं झाली असं समजायचं. तोपर्यंत खत नाही, तार नाही, छाटणी नाही. क्रेट उचलून इकडून तिकडे सुद्धा करायचा नाही. कसब्यातला नांदरूक दिवाळीनंतर भरभरून फुटला, तरी मी त्याला पुढच्या जूनपर्यंत हात लावला नाही.

वाड्याची ती भिंत मात्र पाडली नाही, कारण ती शेजारच्यांचीही होती. झाड निघाल्यावर राहिलेलं भगदाड आम्ही चुन्यानेच भरलं. जुन्या चुन्याच्या भिंतीत सिमेंटचा ठिगळ लावला तर दोन्हींचं आकुंचन-प्रसरण वेगळं होतं, ओल आत अडकते आणि कडेने पुन्हा भेग पडते. त्या भेगेत पुढचं बी येतंच. हे वाचणाऱ्यांमध्ये कुणाचा वाडा असेल, तर एवढं लक्षात ठेवा.

आकार देण्याबद्दल माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही. बोन्साय म्हटलं की डोळ्यांपुढे जपानी पाइनचं चित्र येतं. त्रिकोणी डोलारा, थरांमध्ये पसरलेल्या फांद्या, खोडावर पांढरं वाळकं लाकूड. ते वाळकं लाकूड जुनिपरमध्ये राळेमुळे वर्षानुवर्षं टिकतं. नांदरकाचं लाकूड मऊ, आमच्या पावसात ते लवकर कुजतं. मग ते कोरायचं कशाला? आपल्याकडे वडाचं स्वतःचं रूप आहे. ते बघायला संगमनेरजवळच्या पेमगिरीला जावं. तो वड एकरच्या एकर पसरला आहे, पारंब्या जमिनीत उतरून त्यांचीच खोडं झाली आहेत, फांद्या आडव्या, टोकं जमिनीकडे झुकलेली, आणि खाली इतकी सावली की गावाची माणसं तिथे येऊन बसतात. उंचीपेक्षा रुंदी जास्त. माझे नांदरूक मी त्या वळणावर नेतो.

तारही मी कमी वापरतो. पावसाळ्यात नांदरकाची फांदी इतक्या वेगाने जाड होते, की आज घातलेली ॲल्युमिनियमची तार बघता बघता सालीत रुतते आणि तो व्रण वर्षानुवर्षं जात नाही. दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंग भागात लिंगनान म्हणून परंपरा आहे. तिथलं हवामान आपल्यासारखंच उष्ण-दमट. तिथे फांदी हवी तेवढी जाड होऊ देतात, मग आखूड कापतात. नवा कोंब ज्या दिशेला हवा त्या दिशेचा ठेवतात, बाकीचे खुडतात. तोही जाड झाला की पुन्हा आखूड कापतात. काम सावकाश होतं, पण प्रत्येक वळण टोकदार आणि खरं दिसतं. भिंतीवर कोयता जे करत होता तेच आता कात्रीने करायचं, विचार करून.

पारंब्यांसाठी पुण्याची हवा कोरडी पडते. पावसाळ्यात त्या सुटतात आणि नोव्हेंबरमध्ये टोकाशी वाळतात. हवी असलेली पारंबी मी शीतपेयाच्या स्ट्रॉमध्ये घालतो, आत ओलं स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ), आणि स्ट्रॉचं खालचं टोक कुंडीतल्या मुरमात. एकदा ती खाली पोहोचली की स्ट्रॉ उभी चिरून काढून टाकायची.

कसब्यातल्या नांदरकाच्या मुळांतली ती वीट अजून तिथेच आहे. मुळं तिच्यावरून उतरतात, काटकोनातलं ते वळण समोरून नीट दिसतं. बोन्साय करणाऱ्या काही मित्रांना ती खटकते, त्यांच्या मते तिथे दगड हवा, वीट कृत्रिम दिसते. माझ्या दृष्टीने हे झाड वाड्याचं आहे आणि वीट त्याच्या जन्माची आहे. शिवाय ती पाणी धरते, उन्हाळ्यात मुळं तिला चिकटून गार राहतात.

भिंतीबाहेरची एकच जागा मला तितकीच मोलाची वाटते, ती म्हणजे उखडलेली डाळिंबाची बाग. सांगोल्याला माझ्या मावसभावाची बाग होती. तेल्या रोग आला, मागोमाग खोडकिडा आला, आणि औषधांचा खर्च पेलेना तेव्हा त्याने बाग काढायला घेतली. जेसीबीने झाडं मुळासकट उपटून बांधावर ढीग लावायचा आणि वाळली की पेटवायचा. ढिगातली झाडं बघून मला राहवेना. आपल्याकडे डाळिंबाच्या एका झाडाला तीन-चार खोडं ठेवायची पद्धत आहे, त्यामुळे बुंधा रुंद, गाठीगाठींचा, खोडं एकमेकांना पिळत वर गेलेली. साल उभ्या रेघांनी फाटलेली. हे वय कुंडीत आणताच येत नाही.

डाळिंबाची वेळ वेगळी. बहार धरण्याआधी शेतकरी बागेचं पाणी तोडून ताण देतात, मग इथ्रेलची फवारणी करून पानगळ करतात. त्या पानगळीच्या सुमारास झाड काढलं तर ते उत्तम सोसतं. आंब्याच्या मोहोराच्या सुमाराला धरतात त्या आंबे बहाराच्या बागेत ही वेळ जानेवारी-फेब्रुवारीत येते. जेसीबीच्या दाताने मुळं फाटतात, म्हणून मशीन लागायच्या आधी आपण पहार आणि टिकाव घेऊन पोहोचलेलं बरं. बुंध्याभोवती गोल चर खणायचा, जाड मुळं करवतीने कापायची, खालून पहारेने उचलायचं.

कापांना बोर्डो पेस्ट लावतो. डाळिंबवाल्यांना ती शिकवायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. १०० ग्रॅम मोरचूद, १०० ग्रॅम चुना आणि एक लिटर पाणी. मोरचूद आणि चुना वेगवेगळ्या प्लास्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात अर्ध्या-अर्ध्या पाण्यात भिजवून मग एकत्र करायचं, लोखंडी भांडं अजिबात वापरायचं नाही. तयार झाल्यावर त्यात स्वच्छ लोखंडी खिळा बुडवायचा. खिळ्यावर तांबूस थर आला तर मोरचूद जास्त आहे, आणखी चुना घालायचा. थर येईनासा झाला की पेस्ट वापरायला तयार.

तेल्या जिवाणूंमुळे होतो आणि पावसाच्या उडणाऱ्या थेंबांबरोबर पसरतो. म्हणून तसल्या बागेतलं झाड आणलं तर ते बाकीच्या डाळिंबांपासून लांब, पाऊस थेट लागणार नाही अशा ठिकाणी ठेवायचं, आणि ज्या गावात डाळिंबाच्या बागा आहेत तिथे ते कधीही न्यायचं नाही. शहरातल्या गच्चीवर धोका कमी. शेतकऱ्याचं आधीच पुष्कळ गेलेलं असतं, त्यात आपल्या छंदाने भर पडता कामा नये. झाडाचे पैसेही मी देतो. भाऊ घ्यायला तयार नव्हता, म्हणाला, "अरे, सरपणाचे कसले पैसे?" त्याच्या हातात दिले नाहीत, वहिनींकडे ठेवून आलो.

त्या ढिगातली भगवा जातीची दोन झाडं आता उथळ कुंडीत आहेत. पान लहान झालं आहे, फूल आणि फळ मात्र बागेतल्यासारखंच मोठं येतं, म्हणून झाडाला एखादंच फळ ठेवून बाकीची खुडतो.

गेल्या आठवड्यात भावाचा फोन होता. त्यांच्या शिवारातली आणखी एक बाग निघते आहे, गणेश जातीची, भगव्यापेक्षा जुनी. मालक ओळखीचे आहेत, झाडं द्यायला तयार आहेत, फक्त जेसीबी फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात येणार म्हणाले. टेम्पोवाल्याला सांगून ठेवलं आहे. मुरूम चाळायला आजपासून घेतलाय.